गोबोच्या प्रकरणातील तारखा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
आजपासून ही वही. हेतू एकच: गोबोला निरोप केव्हा द्यावा, हे भावनेने नव्हे, निकषांनी ठरावे. गोबो सतरा वर्षांचा शिबा कुत्रा आहे; नाव सुपात घालतात त्या एका कंदमुळावरून ठेवलेले. मी एकोणऐंशी वर्षांचा निवृत्त दिवाणी न्यायाधीश आहे. दोघांपैकी युक्तिवाद करू शकणारा मी असल्यामुळे जबाबदारी माझ्याकडे येते.
निकष चार. एक, स्वतः खातो. दोन, स्वतः उभा राहतो. तीन, विधीसाठी अंगणात जातो. चार, आपले माणूस ओळखतो. यांपैकी दोन ढळले की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. छत्तीस वर्षांत मी सबळ कारणावाचून एकही खटला तहकूब केलेला नाही.
काल सणाचे भाजके सोयाबीन घरभर फेकले, अरिष्ट जावे म्हणून. एकट्याने फेकले की दाण्यांचा आवाज फार होतो. त्यातला एक दाणा गोबोने खाल्ला. निकष एक: पूर्ण.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
गोबो खोलीत डावीकडून गोल फिरत राहतो. मोजले. चाळीस फेऱ्या, प्रत्येकी तीन मीटर, एकूण एकशेवीस मीटर. या वयात समाधानकारक व्यायाम. कोपऱ्यात शिरला की त्याला मागे येता येत नाही. भिंतीला कपाळ टेकून थांबतो. पण उभ्याने थांबतो. निकष दोन: पूर्ण.
सेंदाईहून मुलीचा, मिहोकोचा, फोन. जेवण नीट चालले आहे का, असे तिने विचारले. भूक उत्तम असून काल अर्धी वाटी भात संपवला, असे मी सांगितले. मी तुमच्याविषयी विचारलं होतं, असे ती म्हणाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
निकष चारविषयी टिपण. माझी पत्नी चिझुरू सुलेखनाचा वर्ग संपवून पाच वाजता घरी येत असे. तिला जाऊन साडेतीन वर्षे होत आली. गोबो अजूनही पाचला दाराशी जाऊन बसतो. भूत आणि वर्तमान यांतला भेद कुत्र्याला करता येत नाही, हे उघड आहे. तो अस्वस्थ होऊ नये म्हणून पावणेपाचला मी तिच्या सपाता पायरीवर मांडतो. बोटे घराकडे, बाहेरून येणाऱ्यासाठी मांडतात तशा. ही व्यवस्था केवळ कुत्र्यासाठी आहे, हे येथे नोंदवून ठेवतो.

१ मार्च, शनिवार.
वाटीकडे पाहिले नाही. चमच्याने शिंपल्यांच्या सारात कालवलेला भात दिला, घेतला. येथे ‘स्वतः’ या शब्दाचा अर्थ लावावा लागेल. चमचा माझा, परंतु गिळणे त्याचे. गिळणे हेच खाण्याचे सारभूत अंग होय. निकष एक: पूर्ण.

८ मार्च, शनिवार.
कुत्र्यांसाठी मिळणारी ढकलगाडी आणली. कुत्र्याला बाळगाडीत बसवणे मला तत्त्वतः अमान्य आहे. गाडी बाजारातून मुळे आणण्यासाठी घेतली आहे. परतताना गोबो थकला, म्हणून मुळ्यांशेजारी ठेवला. जाताना तो कोठे होता, हा प्रश्न गौण आहे.
तोफूच्या दुकानाच्या मालकीण कादोवाकी-सान दारातच उभ्या होत्या. गाडीत डोकावून म्हणाल्या, "मुळे आहेत, गोबो आहे. जजसाहेब, आज सूप कशाचं?"
उत्तर देण्याजोगा मुद्दा त्यात नव्हता. तोफू घेतला आणि निघालो. त्यांनी गोबोच्या कानामागे बराच वेळ खाजवले. माझ्याशी आज बोललेल्या त्या एकट्याच.

१७ मार्च, सोमवार.
मागचे पाय धरत नाहीत. पोटाखालून टॉवेल घालून उचलले की उभा राहतो. खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीला आपण उभी नाही म्हणत नाही. निकष दोन: पूर्ण.
दुपारी गादीवरच विधी. डायपर आणले. निकष तीनमध्ये ‘अंगणात’ असा शब्द आहे, म्हणून डायपर बांधून त्याला अर्धा तास अंगणात ठेवले. शब्दशः पूर्तता. वारा गार होता. अंगावर माझा कोट घातला. आता मला किंचित सर्दी.

२६ मार्च, बुधवार.
डॉ. तोकोनामींकडे तपासणी. स्वागतकक्षातून "सुएमात्सु गोबो-चान" असा पुकारा झाला. आडनाव माझे; पण ‘चान’ लहान मुलांच्या नावाला लावतात, सतरा वर्षांच्या प्राण्याला ते लावणे अनुचित आहे. कोणीच उठेना, तेव्हा मी उठलो.
डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण मुद्द्याला धरून बोलतात. त्यांच्या मते नव्या वर्षापासूनच गोबोला दिसत नसावे, आणि वास कितपत येतो हेही सांगवत नाही. मी म्हणालो की तो रोज पाचला दाराकडे तोंड करून बसतो. त्यांनी विचारले, स्वतःहून? या आठवड्यात मी त्याला उचलून नेतो, हे खरे. दाराकडे तोंडही मीच करून देतो. परंतु त्याचा इरादा तोच असतो.
त्रास वाढत चालला आहे, ठरलं की कळवा, मी घरी येईन, असे त्या म्हणाल्या. निकष चार लागू असल्याचे मी निदर्शनास आणले. सुनावणी तहकूब.

३ एप्रिल, गुरुवार.
नगरपालिकेचे रेबीजच्या लशीचे कार्ड आले. दर वसंतात येते. त्यावर नोंदणीकृत मालकाचे नाव असते: सुएमात्सु चिझुरू. तिच्या नावाने या घरी आता दुसरे काही येत नाही. बँक, दूरध्वनी, सुलेखन मंडळ, सर्वांना मी पहिल्या महिन्यातच कळवले होते. एवढे एक राहिले. मालक बदलल्याची सूचना तीस दिवसांत द्यायची असते. कामाच्या गर्दीत ते राहून गेले असावे.
आधीची तीन कार्डे ड्रॉवरमध्ये आहेत. हे चौथे त्यांवर ठेवले.
त्यातूनच एक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा निघाला. नोंदीनुसार मी गोबोचा मालक नाही. मालक नसलेल्याने त्याच्या जीविताचा निर्णय करणे अधिकारक्षेत्राबाहेरचे ठरेल. हे आधी कसे सुचले नाही, याचे आश्चर्य वाटते. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.
डॉक्टरीणबाईंना फोनवर हा मुद्दा सविस्तर मांडला. त्या म्हणाल्या, "साहेब, कार्डावर कुणाचंही नाव असू दे. दर दोन तासांनी त्याची कूस कोण बदलतं?"
प्रश्न कार्डाच्या कक्षेबाहेरचा असल्याचे सांगून फोन ठेवला; कूस बदलायची वेळ झाली होती.

८ एप्रिल, मंगळवार.
सकाळपासून गोबो एका सुरात ओरडतो आहे. थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. सार तोंडातून परत येते. मी याला आवाजाचा व्यायाम असे लिहिले होते. ती ओळ खोडली.
कादोवाकी-सान तोफू घेऊन आल्या. मी मागवला नव्हता. रस्त्यापर्यंत आवाज येतो म्हणाल्या. मी त्यांना निकष, त्यांचे अर्थ आणि मालकीचा मुद्दा समजावून सांगितला. ही वहीही दाखवली. त्यांनी ती उघडली नाही. गोबोशेजारी बसून त्याच्या पोटावर हात ठेवला.
"आमचे हे शेवटाला आले तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं होतं, नळ्या काढायच्या का," त्या म्हणाल्या. "मी दोन दिवस मागून घेतले. ते दोन दिवस माझे होते, जजसाहेब. त्यांचे नव्हते."
त्या गेल्यावर याचे खंडन लिहायला बसलो. पहिले विधान लिहिले. दुसरे सापडले नाही.

११ एप्रिल, शुक्रवार.
गोबोला कादोवाकी-सानकडे ठेवून नगरपालिकेत गेलो. मालक बदलाचा फॉर्म एका पानाचा आहे. तीन वर्षे वेळ मिळाला नव्हता. भरायला चार मिनिटे लागली. जुन्या मालकाचे नाव लिहिताना तिचे अक्षर आठवले. माझे तसे येत नाही.
‘कारण’ या रकान्यात मी ‘विलंब’ असे लिहिले.
खिडकीतली मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, उशीर का झाला ते नाही विचारलेलं. मालक का बदलले, ते लिहायचंय."
खोडून ‘मृत्यू’ असे लिहिले. शिक्का मारला. पुढच्या वर्षीपासून कार्ड तुमच्या नावाने येईल, असे तिने सांगितले. मी म्हटले की पुढच्या वर्षी कार्ड लागणार नाही. तिने फॉर्मकडे पाहिले, गोबोचे वय वाचले असावे, आणि उठून वाकून नमस्कार केला.
बाहेर येऊन डॉक्टरांना फोन केला. सोमवार, दुपारी दोन.

१४ एप्रिल, सोमवार.
निर्णयाची कारणमीमांसा अर्ध्या पानात लिहून ठेवली होती. वाचून दाखवली नाही.
व्हरांड्यात ऊन होते. गोबोचे डोके माझ्या मांडीवर. डॉक्टरीणबाईंनी कागद काढून मालकाचे नाव विचारले.
"मी," असे सांगितले.
सुरू करू का, असे त्यांनी विचारले. त्यालाही हो म्हणालो. फार वेळ लागला नाही. कादोवाकी-सान अंगणाच्या फाटकाशी उभ्या होत्या. आत आल्या नाहीत, गेल्याही नाहीत.
मी त्याचा तीन दिवस मालक होतो.

१५ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ५.
मिहोकोचा फोन. एकटे राहवेल का, असे विचारत होती. एका कुत्र्याची देखभाल कमी झाल्यामुळे दिवस मोकळा झाला आहे, वाचन वाढवणार आहे, असे कळवले. गोबोच्या मृत्यूची सूचना नगरपालिकेला उद्या पाठवीन. या वेळी तीस दिवस लावणार नाही. प्रकरण निकाली. वही बंद करण्यास हरकत नाही.
पावणेपाचला सपाता मांडल्या. कुत्र्यासाठी मांडतो, असे २० फेब्रुवारीच्या नोंदीत आहे. नोंद तपासली. तसेच आहे.
बोटे घराकडे. शेजारी बसलो आहे. सव्वापाच झाले.