काठावरच्या ताऱ्यांचा वेग

४ ऑगस्ट १९८६, परभणी

खंदारेंनी लेख दिला. आमच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. प्रबंध औरंगाबादला, मार्गदर्शकांच्या टेबलावर. त्यांची सही झाली तर नोकरी कायम. लेख इथल्या साप्ताहिकासाठी. मराठी मी तपासायचं.

विषय समजेना. म्हणून स्टाफरूममध्ये त्यांनाच विचारलं. सूर्यापासून लांबचा ग्रह हळू फिरतो. दीर्घिकेत, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहात, तसं नाही. काठावरचे तारेही आतल्यांइतकेच पळतात. दिसणारं वस्तुमान त्यांना धरून ठेवायला पुरत नाही.

"खळ्यावरचा बैल बघा सर. जोरात पळायलाय, दावं दिसंना, तरी खळं सोडंना. बहुतेक जण म्हणतात, दावं हाय, दिसत न्हाई. एकदोघं म्हणतात, इतक्या लांब ओढ लय क्षीण झाली की ओढीचा नियमच बदलत असंल."

"तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"मी मोजायलोय."

५ ऑगस्ट

लेख तपासला. 'कदाचित' नऊ वेळा. शिवाय 'असे असल्यास', 'आजच्या मोजणीनुसार', 'असे काहींना वाटते'. दबकी वाक्यं. वर्गात वीस वर्षं हेच सांगतोय, शब्द कमी करा. सगळे काढले. लेख आखूड झाला, ताठ झाला.

खं.ना दाखवायला हवा होता. ते पिंगळीला, गावी. साप्ताहिकाचा माणूस दारात उभा. देऊन टाकला.

९ ऑगस्ट

छापून आला. 'न्यूटनचा नियम अपुरा आहे. अदृश्य वस्तुमान नाही.' खाली खं.चं नाव.

इतिहासाच्या सरांनी मोठ्यानं वाचला. "आधी विद्यापीठाचं नाव बदला म्हणाले. आता न्यूटनच बदला म्हणायलेत!" हशा. मीही हसलो. थोडंसं. खं. दारातच होते.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात, नामांतराच्या दंगलीत, त्यांच्या घरच्यांनी आठवडाभर कुठं लपून काढला, ते मला एकदाच बोलले होते. मलाच.

नंतर जवळ आले. "सर, हे मी लिहिलेलं न्हाई."

मी अंक घडी करून खणात टाकला.

१४ ऑगस्ट

मार्गदर्शकांचं पत्र, कात्रण टाचून. सिद्ध न झालेलं सिद्ध म्हणून छापणाऱ्याच्या प्रबंधावर सही कशी करू?

खं.नी ते माझ्यापुढं ठेवलं. मी वाचून होईपर्यंत उभे.

"सोबत चला."

१९ ऑगस्ट

औरंगाबाद. मार्गदर्शकांना सांगितलं, ते शब्द मी काढले.

"आपण कोण?"

"मराठी शिकवतो."

"पण नाव यांचं आहे." कोरा कागद खं.पुढं सरकवला. "लिहा. नियम बदलण्याची कल्पना मला अमान्य आहे. आत्ता सही करतो."

खं.नी पेन काढलं. टोपण उघडलं.

"सर, मान्य आहे असं मी म्हटलं नव्हतं. अमान्य आहे असंही म्हणता येत नाही. मोजणी पुरेशी नाही."

टोपण लावलं.

"मग थांबा." किती, ते सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत मानवत रोड गेलं. मग खं. म्हणाले, "गावी बाबाला काय सांगू?" मी परभणीला उतरलो. ते पुढं पिंगळीला गेले.

२८ ऑगस्ट

साप्ताहिक खुलासा छापणार. खं.नीच लिहिलाय. यावर मार्गदर्शक काय ते ठरवतील, असं आतून कळलं.

सोबत आलेख. पुण्याहून आलेल्या निरीक्षणांच्या झेरॉक्सवरून आणखी एक दीर्घिका मोजली. बदललेल्या नियमाची रेघ पेन्सिलीनं काढलेली. मोजलेल्या वेगांचे सगळे ठिपके तिच्यावर, दोन सोडून. ते दोन बरेच खाली.

"हे पण घाला."

"आत्ताच? उद्या म्हणतील, बघा, लेख चुकला हे स्वतःच कबूल करतोय. आधी सही होऊ द्या."

"ठिपके पडले तिथं पडले सर."

"पुढच्या लेखात घालू की."

खं.नी चपला घातल्या, सायकल काढली.

खुलासा तपासायला माझ्याकडं, दोन पानं. ठिपक्यांचा परिच्छेद शेवटी, पाच ओळी. तो नसला तरी खुलासा पुरा वाटतो. उद्या दहाला साप्ताहिकाचा माणूस येणार.