घळ रिकामी करून काढलेला फोटो

प्रिय मावशीस,

कुळातल्या सगळ्यात नाकर्त्या भाच्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (हल्ली पाण्याची पिंपं तू स्वतःच भरून आणतेस असं कळलं, म्हणून विचारतो. खरं तर पत्रही त्यामुळेच लिहितो आहे.) मेंढरं खुशाल असतील. त्यांची म्होरकी शेळी, गव्हर्नरबाई, हिलाही माझा नमस्कार सांग. तिने घेतला तर.

तुला ठाऊकच आहे, त्या मोठ्या घळीत मी पाहुण्यांना घेऊन दिवसाला सहा फेऱ्या मारतो आणि "थांबू नका, पुढे चला, कॅमेऱ्याची तिपाई आत चालणार नाही" एवढंच बोलतो. चौदा वर्षांत तिथली भिंत धड पाहिली नाही, पाहिल्या त्या लोकांच्या टोप्या. जत्रेतल्या फोटोस्पर्धेसाठी मला बिनमाणसांची घळ हवी होती आणि तशी एकच, तुझ्या कुरणातली. तुला विचारायला हवं होतं. ("आम्हा नवाहो लोकांत कुरणवालीला विचारल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही," हे मी रोज पाहुण्यांना मोठ्या तोंडाने सांगतो.) पण विचारलं असतं तर तू आधी मटणाचा रस्सा वाढला असतास, मग गोठा झाडायला लावला असतास, आणि ऊन निघून गेलं असतं. भर दुपारी पोचलो, तर आत सावलीला तुझी साठ मेंढरं! उजेडाचा झोत घळीत उतरतो तो जेमतेम दहा मिनिटं. मी घळीच्या तोंडाशी असलेलं, शेजारच्या रोलंडकाकांच्या बाजूचं फाटक उघडलं, मेंढरं हाकलली, झोत उठून दिसावा म्हणून मूठभर वाळू उधळली, झोत लखलखला आणि मी भान हरपून फोटो काढत राहिलो. बाहेर येऊन बघतो तर मेंढरं काकांच्या मक्यात आणि गव्हर्नरबाई बेपत्ता. मग मी काय केलं? गाडीत बसलो आणि घरी गेलो. लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

फाटक काकांनीच उघडं टाकलं, असं तू ठरवलंस. तिसऱ्या दिवशी शेळी तुझ्या दारात बांधलेली सापडली, तेव्हा तर काकांनीच ती पळवून परत आणली, अशी तुझी खात्रीच पटली. भरल्या चावडीत तू त्यांना म्हणालीस, "तू असा वागतोस, जसं काही तुला नातेवाईकच नाहीत!" आपल्यात याहून मोठी शिवी नाही. सगळे खाली बघू लागले. मी मागच्या बाकावर तळलेली भाकरी खात होतो. (ती मी टाकलीही नाही.) तेव्हापासून काकांनी नेहमीप्रमाणे आणलेलं पाणी तू परत पाठवतेस. मावशी, फाटक मी उघडलं होतं. मला फार लाज वाटते.

तुझा,
डेल्बर्ट

ता. क. मी एकाएकी सत्यवचनी झालो असं समजू नकोस. फोटोचा पहिला नंबर आला आणि शुक्रवारी तो चावडीत दाराएवढा मोठा लागणार आहे. डाव्या कोपऱ्यात उघडं फाटक आणि त्यातून निघालेली गव्हर्नरबाईंची पाठ स्वच्छ दिसते. शुक्रवारी तू येऊ नयेस, एवढं सुचवायलाच खरं तर पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा. ती विनंती रद्द. रोलंडकाकांकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते मका खुरपत होते, मानही वर केली नाही. म्हणाले, "ठाऊक होतं रे. तुझी गाडी जाताना मी बघितली. शेळीसुद्धा मीच शोधून बांधली."

"मग चावडीत बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तेच ती तुला म्हणाली असती. मला सोसतं. तुला नसतं सोसलं."

हे पत्र काकाच घेऊन येताहेत. गाडीत पाण्याची दोन पिंपं आहेत, या खेपेला परत पाठवू नकोस. आणि चावडीतलं ते नातेवाईकांचं वाक्य माझ्यासाठी राखून ठेव. शुक्रवारी मी पहिल्या बाकावर बसेन.