काळ्या करकोच्याची दुसरी सही

अहो,

तुम्हाला काही सांगायचं राहिलंय असं मला वाटत नव्हतं. छत्तीस वर्षांत मी बोलायचं काय ठेवलं होतं! पण काल टाऊनशिपची मंडळी हिवाळी पाहुणे पक्षी बघायला तलावावर गेली. तुमच्या माघारी पहिल्यांदाच मीही गेले, आणि तिथे एक काम उरकून आले. ते तुमच्या कानावर घालायला हवं.

नियम तुमचाच. कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्शन केलंत, मग पक्ष्यांनाही सोडलं नाहीत. दोघांनी पाहून दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ग्रुपच्या रजिस्टरात एकही पक्षी शिरायचा नाही. बदकं काय अर्ज घेऊन येतात?

आणि त्यात अडकलं कोण, तर तुम्हीच! तीन वर्षांपूर्वी काळा करकोचा उडाला, तेव्हा बाकीचे माझ्या तिखटमिठाच्या पुऱ्यांभोवती होते. तुम्ही नोंद केलीत, सही केलीत आणि माझ्याकडे वळलात. "तू इकडेच बघत होतीस. दिसला ना?"

मी सगळ्यांसमोर नाही म्हटलं.

दिसला होता हो! लाल चोच, पांढरं पोट, सगळं दिसलं होतं. पण दहाच मिनिटांपूर्वी माझ्या डब्याचं झाकण वाजलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "इनके डिब्बे की आवाज़ से पक्षी वापस साइबेरिया चले जाएँगे." तेही हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळावं! मराठीत बोलला असतात तर घरातल्या घरात राहिलं असतं. शेजारचे सक्सेनाजी तर ठसका लागेपर्यंत हसले, आणि मग पुऱ्याही त्यांनीच जास्त खाल्ल्या.

वाटलं, दोन दिवस झुरू देत, मग सांगू. दोनाचे आठ झाले, आणि पुढे सांगायचीच लाज वाटायला लागली. नंतरचे दोन्ही हिवाळे, तो पुन्हा दिसेल म्हणून, तुम्ही मफलर गुंडाळून त्याच काठावर जाऊन बसलात आणि सर्दी घेऊन परत आलात. मी आल्याचा चहा करून देत होते. तेव्हा तरी तोंड का उघडलं नाही मी? चुकलंच माझं.

काल सक्सेनाजींकडून रजिस्टर मागून घेतलं आणि तुमचं पान काढलं. ते म्हणाले, "भाभीजी, आपने तो मना किया था."

"झूठ बोला था मैंने," मी म्हटलं. "डिब्बे का गुस्सा था."

मग नियमावर चर्चा झाली. दुसरी सही कधीपर्यंत चालते, हे तुम्ही कुठे लिहूनच ठेवलेलं नाही. एवढे मोठे इन्स्पेक्टर! शेवटी सक्सेनाजींनीच पेन पुढे केलं. तुमच्या सहीशेजारी मी माझी केली. अक्षर जरा तिरकं आलं, पण नाव वाचता येतं.

आता दर हिवाळ्यात जाईन, आणि दिसेल ते तिथल्या तिथे सांगेन, राग कितीही असो. हा शब्द देते. सुरुवात कालच केली. बदकांचा मोठा थवा पाण्यावर उतरला, तशी मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, ते बघा!" सगळ्यांनी दुर्बिणी तिकडे वळवल्या. मी शेजारी बघत होते.

तुमची,
सुमन