कुशलने लिहिलेले सतरा एक

मी, दिनानाथ गजानन राऊत, निवृत्त गणितशिक्षक, राहणार रेवदंडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. हृदय थकले आहे, डोके शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारा मुलगा असता तर बरे झाले असते.

कलम एक. घर आणि नारळी-सुपारीची वाडी पत्नी कुमुदने हयातभर उपभोगावी. तिच्यानंतर सर्व मुलगी मधुवंतीचे.

कलम दोन. पडवीतला फळा हलवू नये. सोळा वर्षांपूर्वी न्हावा शेव्याला नोकरीवर निघताना कुशलने त्यावर ओळीने सतरा एक लिहिले. म्हणाला, "बाबा, आई, एवढ्या मोठ्या संख्येला कशाने भाग जातो ते शोधा. नाही जमलं तर मी आल्यावर सांगतो." त्याच दिवशी रस्त्यात अपघात झाला. कुमुद अंथरुणातून उठेना. ती पुन्हा बोलली ती या फळ्यापुढेच. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दोन-तीन मूळ संख्यांनी (चौतीसने भागून एक उरणाऱ्याच इथे चालतात) भाग द्यायचा आणि तिने गुणून ताळा घ्यायचा. कुशलची ओळ कधी पुसली नाही.

कलम तीन. पुतण्या सुश्रुत यास काही नाही. कुशलच्या वर्षश्राद्धाला जेवता जेवता मोबाईल काढून म्हणाला, "काका, सेकंदात उत्तर देतो, कशाला डोकं फोडताय?" मी त्याला ताटावरून उठवले. आजही उठवीन.

कलम चार. सोमवारी संध्याकाळची वाट न पाहता सकाळीच २०७१७२३ ने भाग दिला. बाकी शून्य. दुसरा अवयव ५३६३२२२३५७. मला आनंद झाला नाही. वाटले, आता पोरगा खरोखर येणार नाही. मी घाईने मधला एक आकडा बदलला आणि बाकी एक लिहिली. हा भाजक एकदा मागे पडला, की वर्गमुळापर्यंत, म्हणजे दहा कोटींच्याही पलीकडे, दुसरा भेटत नाही. एवढे भागाकार माणसाच्या जन्मात संपत नाहीत. कुमुदला देण्यासारखे माझ्याकडे एवढेच आहे.

कलम पाच. मधुवंती, मला मरणाची भीती नाही. माझ्यामागे संध्याकाळी तुझ्या आईसमोर कोण बसेल, याची आहे. तू बस. भागाकार तू कर, ताळा तिला घेऊ दे.

कलम सहा. "कलम चार कुमुदला वाचून दाखवू नये," असे इथे होते. ते मी खोडले आहे. हा मसुदा मी सोमवारी दुपारी लिहिला. संध्याकाळी कुमुद ताळ्याला बसली. तिने दोनदा गुणून पाहिले. बराच वेळ कुशलच्या ओळीकडे बघत राहिली. मग माझ्या खोट्या बाकीपुढे 'बरोबर' अशी खूण केली आणि म्हणाली, "उद्या पुढची घेऊ." सबंध संसारात तिच्या नजरेतून माझी एकही चूक सुटलेली नाही.

आम्हा दोघांसमक्ष दिनानाथरावांनी वाचून सही केली:
१. डॉ. जयमाला वर्तक, रेवदंडा
२. रघुनाथ दत्ताराम म्हात्रे, शेजारी

सही: दि. ग. राऊत
रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड
१२ नोव्हेंबर २०२५