दर्यावरून दिसणारं गाव

३ डिसेंबर, मंगळवार

पाटी बाराला संपली. बोंबील सगळे गेले, थोडी मांदेली उरली ती घरी. येताना शाळेच्या फाटकाशी सुजाता टीचरने अडवलं. आठवीला शिकवते, वय माझ्या भाचीएवढं. शाळेला कोणीतरी दोन चष्मे दिलेत, डोक्याला बांधायचे, आत दुसरीच जागा दिसते. तिलाच अजून नीट चालवता येत नाही, पोरांबरोबर शिकतेय म्हणाली. बरं वाटलं. येत नसून येतं म्हणणाऱ्या शाळेतल्या बाया मी चौथीपर्यंत पुष्कळ बघितल्या.

पोरांना कोळीवाड्याचा जुना दर्या बनवायचाय. पूल नव्हता तेव्हाचा. पाण्याखालचे खडप पण, मासळी धरते ते खडक.
"काकी, तुमच्या सासऱ्यांना सगळं माहिती आहे ना?"
माहिती आहे. सांगतील तर ना.

५ डिसेंबर, गुरुवार

बाबांना विचारलं. खडपांची नावं धडाधड सांगितली, आठ. वहीत घेतली. आमच्या खडपाचं विचारलं तर भिंतीकडे तोंड.

आमचा म्हणजे शेवंड आणि गोब्रा मिळायचा तो. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. होडीतून बघताना जमिनीवरच्या दोन खुणा एका ओळीत आल्या, दुसऱ्या बाजूच्या दोन पण आल्या, की खाली खडप. ही खूण बापाने थोरल्या मुलाला सांगायची, होडीवर, तोंडाने. बायकांना नाही. ह्यांना सांगितली होती. हे जाऊन नऊ वर्षं झाली.

बावीस वर्षं त्या खडपाची मासळी मी विकली, रांधली. तो कुठे आहे माहीत नाही. किनाऱ्यावरून होडी बारीक होत जायची, मग नुसतं पाणी.

बाबांचं विसरणं वाढलंय. काल मला शेजारीण समजले. ते गेले की खडप गेला. मला तिथली मासळी नको. हे कुठे थांबायचे, एवढंच एकदा...

९ डिसेंबर, सोमवार

बाबांना हाताला धरून शाळेत नेलं. चष्मा बांधला. आतलं सगळं मोठ्या फळ्यावर पण दिसतं, म्हणजे वर्गाला कळतं आतला माणूस काय बघतोय.
"आजोबा, काय दिसतं?"
"हे कुणाच्या गच्चीवरून काढलंय?"
आतले फोटो खरंच प्रणालीच्या गच्चीवरून काढलेले, आठवीतली आगाऊ मुलगी.
"गावावरनं दर्या बघितलाय तुम्ही. दर्यावरनं गाव बघा, मग मला बोलवा." चष्मा काढून बाकावर आपटला. टीचरचा रंग उडाला. फुटला नाही, नशीब.
तीच म्हणाली, "टीचर, आजोबा बरोबर बोलतायत. आपण सगळं उलटं केलंय."

टीचर रागावली नाही. वहीत लिहून घेतलं, बाबांनी सांगितलं तसंच.

१५ डिसेंबर, रविवार

मोहन भाऊजींच्या बोटीतून टीचरला फोटो काढायला नेलं. धाकटा दीर माझा.
"वहिनी, तू कशाला?"
"टीचर ओकायला लागली तर तू धरणार तिला?"
सरकून जागा दिली. ती ओकलीच.

जत्रेला बोटीने गेलेय, पण ह्या बाजूला एवढं आत कधी नाही. मागे वळून बघितलं तर गाव कुणा दुसऱ्याचं. गावातला किल्ला केवढासा. घरं एकावर एक सांडलेली. त्यांच्या मागे टॉवर, धुक्यात पाय नसलेले. आवाज कसला नाही. भांडणं, मिक्सर, देवळाची घंटा, सगळं असणार तिथे, पण इथे काही येत नाही. मला वाटलं आपण कुणाच्या तरी झोपेत बसलोय, तो जागा झाला की संपलं. टीचर तोंड पुसून फोटो काढत होती. भाऊजी म्हणाला, "रडतेस काय?" खारं पाणी उडालं, म्हटलं.

६ जानेवारी, सोमवार

शाळेत गेले नुसतं बघायला. पाटी बाहेर ठेवायला सांगितलं, वास येतो म्हणे. ठेवली.

पोरं फोटोतले टॉवर काढून टाकतायत. बोट लावलं की टॉवर जातो, मागे आभाळ उरतं. पूल पण काढला. जुन्या मिलच्या चिमण्या परत उभ्या करायच्या तर त्यांचे फोटो कुठून आणायचे? पोरांनी घराघरातले लग्नाचे अल्बम आणले. नवरा-नवरी पुढे, चिमणी मागे. आमच्या लग्नातला पण एक दिला. ह्यांच्या मुंडावळीशेजारी धूर. तो धूर पोरांनी घेतला.

पडदे ओढलेले, फळ्यावर पाणी हलतंय, पोरांचे पांढरे शर्ट निळे झालेले. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी भाताला उशीर केला.

१७ जानेवारी, शुक्रवार

बाबांना परत नेलं. शाळा सुटलेली. टीचर, प्रणाली आणि चार पोरं.

चष्मा बांधला. त्यांचा उजवा हात मागे गेला, सुकाणू धरल्यासारखा. तिथे बाकाची पाठ होती, ती धरली.
"डावीकडे घे." प्रणालीने आतलं चित्र वळवलं.
"अजून. चिमणी येऊ दे. अजून... थांब."
दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं, घट्ट.
"हरेश, बघितलंस? ती मागची आणि ही पुढची, एक झाली. आता ह्या बाजूला बघ."
हरेश म्हणजे आमचे हे.
"कुणाला सांगायचं नाही. घरात बायकोला पण नाही."
मी आवाज जाड करून म्हटलं, "हो बाबा."
पोरं हसली नाहीत. खाली बघत होती.

कुठली चिमणी, पुढे काय, ते इथे लिहिलं होतं. खोडलं.

१८ जानेवारी, शनिवार

इतकी वर्षं मला वाटायचं मी बडबडी, म्हणून सांगत नाहीत. रागात एकदा शेवंडाचं कालवण ओतून दिलं होतं. ह्यांनी रिकामं पातेलं घासलं, तरी बोलले नाहीत. बापाला शब्द दिला होता. मला एवढं तरी सांगायचं.

आज टीचरने मला चष्मा बांधला. त्या जागी उभी राहिले. चारी बाजूंनी पाणी, वर कोवळं ऊन, पायाखाली वर्गाची फरशी थंड. तिथून आमच्या गल्लीचं तोंड दिसतं. मी सकाळी पाटी घेऊन जिथे उभी राहायची ते. पोरांनी बनवलेलं, खरं किती देव जाणे. किती वेळ होते माहीत नाही. टीचरने खांद्याला हात लावला तर तिच्यावरच खेकसले.

२५ जानेवारी, शनिवार

उद्या झेंडावंदनानंतर शाळेत चष्मा सगळ्यांना दाखवणार. अख्खा कोळीवाडा येणार, बोटवाले सगळे. टीचर विचारते, "काकी, चष्म्यात तुमचा खडप ठेवू की काढू? तुम्ही म्हणाल तसं." ठेवला तर सोमवारी दहा बोटी तिथे, महिन्यात खडप साफ. काढला तर माझ्या डोक्यात राहिला, आणि मी काय होडी घेऊन जाणार आहे. मुलगी अंबरनाथला, तिला मासे साफ करायला लागतात म्हणून पनीर खाते.

पोरांनी अजून तोंड उघडलेलं नाही. प्रणालीचा बापच बोटवाला. "पप्पांनी विचारलं तर सांगितलं, आजोबांना झोप लागली," म्हणाली.

भाऊजीला सांगावं का? तोही ह्याच घरचा मुलगा. पण बाबांनी त्याला सांगितलं नाही, आणि "हो बाबा" मी म्हटलंय.

उद्या बाबांना न्यायचं का? सगळ्यांपुढे चष्मा बांधला आणि परत माझा हात धरून बोलायला लागले तर ठेवू की काढू विचारायलाच नको. नाही न्यावं तर दुपारपासून दाढी करून, लाल टोपी घालून उंबऱ्यात बसलेत.
"हरेश, होडी कधी काढायची?"
"सकाळी भरती बघू, बाबा," म्हटलं.