न्यायाधीशांचा निळा बगळा

प्रिय आत्या,

नमस्कार. मागच्या पत्रात मी 'तीर्थरूप' लिहिलं तर तू फोनवर म्हणालीस, तीर्थ म्हटलं की लोक पाय बुडवून निघून जातात, चौकशी कोणी करत नाही. म्हणून या वेळी आधी चौकशी. गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कठड्याशी भांडतेस का? बोक्याने नवे पडदे मान्य केले का? आणि खंड्या कसा आहे? (खंड्याची चौकशी शेवटी केली म्हणून त्याला कमी लेखलं असं समजू नकोस. हे सगळं पत्र त्याच्याबद्दलच आहे. पण सरळ त्याच्यावर आलो असतो तर तू चष्मा काढून 'याला काहीतरी हवंय' असं म्हणाली असतीस. हवंच आहे. पण जरा सावकाश येतो.)

आम्ही सुखरूप आहोत. ही म्हणते, तुम्ही रविवारी पक्षी बघायला जाता आणि आठवडाभर घरातल्या माणसांकडे मान वाकडी करून बघता. खोटं नाही. पक्षी एका डोळ्याने बघतो आणि ती सवय मला लागली आहे. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासताना तिचा उपयोगही होतो, पण गिऱ्हाईक घाबरतं.

तुझा खंड्या ज्यांनी काढला त्या मास्तरांकडे मी रविवारी जातो हे तुला माहीत आहे. तू त्यांना एकदाच पाहिलंस. आतोबा फ्रिज घ्यायला म्हणून निघाले आणि प्रदर्शनातून खंड्या घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी तो परत करायला म्हणून तू गेलीस ती खंड्यासकट घरी आलीस, तेव्हा. (आठवडाभर तू आतोबांशी बोलली नाहीस आणि त्याच आठवड्यात ऊन लागतं म्हणून चित्राची जागा दोनदा बदललीस, असं आतोबा हसत सांगायचे.) तेव्हाच्या मास्तरांचे केस काळे होते. आता ते पिंजलेल्या कापसासारखे झाले आहेत आणि गल्लीतले लोक त्यांना पीसमास्तर म्हणतात, कारण ते पक्ष्याचं एकेक पीस मोजून काढतात असा सगळ्यांचा समज आहे. तो चुकीचा आहे. डोळ्याजवळची आणि पंखाच्या कडेची तेवढी पिसं ते काढतात, बाकीची बघणारा आपली आपण घालतो. सुरुवात पंज्यापासून करतात. पक्षी केवढा जड आहे हे फांदीला माहीत असतं, म्हणून आधी फांदीला विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. कोणी कौतुकाने 'अगदी फोटोसारखं' म्हणालं की ते नम्रपणे मान हलवतात आणि त्या माणसाला पुन्हा चहा देत नाहीत. फोटोतला पक्षी थांबलेला असतो, माझा निघायच्या बेतात असतो, हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं. (एकट्यालाच सांगितलं असं मला वाटायचं. परवा कळलं की इस्त्रीवाल्यालाही सांगितलं आहे.)

मी स्वतः काय काढतो हे विचारू नकोस. वर्षभरात एक चिमणी पुरी केली. मास्तरांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, बटाट्याला चोच छान बसवली आहेस. पण मी जातो ते चित्रकार व्हायला नाही. मग कशाला जातो, हे मी रोजनिशीत पुष्कळदा लिहून खोडलं आहे. एका मोठ्या माणसाच्या शेजारी बसल्यावर आपणही थोडे उंच झालो असं वाटतं, त्या लबाड सुखासाठी जातो का? तेही असेल. पण दुसरंही आहे. एकदा त्यांनी मला खिडकीत बसलेल्या कबुतराकडे नुसतं बघत बसवलं. पेन्सिल हातात दिलीच नाही. आठवणीतून काढू नकोस, म्हणाले, आठवण आळशी असते, कालचंच आज पुन्हा दाखवते. तास संपता संपता मला दिसलं की कबुतराच्या मानेवरचा हिरवा रंग मान वळली की जांभळा होतो. चाळीस वर्षं मी कबुतरं हाकलत आलो आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मला रस्त्यातली माणसं, दुकानांच्या पाट्या, सगळं धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. असं दाखवणारा माणूस माझ्या आयुष्यात दुसरा नाही. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

यंदा मास्तरांनी मनावर घेतलं की आपल्या जुन्या चित्रांतल्या चुका आपल्या हाताने दुरुस्त करायच्या. चित्रं लोकांच्या घरी, म्हणून आम्ही माझ्या स्कूटरवर निघायचो. मागे मास्तर, त्यांच्या मांडीवर रंगांची पेटी. वाटेत तारेवर पक्षी दिसला की ते माझा खांदा थोपटायचे. हल्ली तिथे बहुतेक वेळा अडकलेली पिशवी असायची. मी 'हो, दिसला' म्हणायचो.

पहिली स्वारी दंतवैद्याकडे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मास्तरांचं घुबड आहे आणि त्याच्या पंज्याची तीन बोटं पुढे आहेत. बसलेल्या घुबडाची दोन पुढे, दोन मागे शोभतात, ही टोचणी मास्तरांना किती वर्षं होती देव जाणे. गेल्या गेल्या त्यांनी विचारलं, स्टूल आहे का. (कोणत्याही घरात शिरल्यावर नमस्काराच्याही आधी ते हेच विचारतात.) मदतनीस बाई म्हणाल्या, आधी नंबर लावा. आम्ही नंबर लावून सुजलेल्या गालांच्या रांगेत बसलो. नंबर आला तेव्हा मास्तरांना आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि डॉक्टर म्हणाले, तोंड उघडा. मास्तरांनी सभ्यपणाने उघडलं. त्यानंतर त्यांना बोलता येईना. मग कापूस चावत ते स्टुलावर चढले आणि घुबडाला मागचं बोट काढलं, पण पुढचं एक पुसायचं राहिलं. समोरच्या पेशंटने गाल धरून मला ते खुणेने दाखवलं. मी मनाशी म्हटलं, दाढेच्या गडबडीत राहिलं असेल. थोडक्यात, घुबडाचं एक बोट वाढलं, मास्तरांचा एक दात कमी झाला आणि मी डोळे तपासणारा माणूस असून मला काही कळलं नाही.

कळलं ते निवृत्त न्यायाधीशांच्या घरी. तिथे सोफ्यामागच्या भिंतीवर चिखलात उभा असलेला बगळा आहे. होता. पांढरा शुभ्र. मास्तर स्टुलावर चढले, नाक चित्राला लागेपर्यंत वाकले आणि म्हणाले, पिवळा पडलाय, वार्निश दगा देतं. मला तो मुळीच पिवळा दिसत नव्हता. पण वाटलं, थोर माणसांना दिसतं ते आपल्याला कुठून दिसणार. मास्तरांनी पांढऱ्यात निळा कालवला आणि दुपारभर बगळा 'स्वच्छ' केला. मी मागे बसून बघत होतो. पोट निळं झालं, मान निळी झाली आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. आत्या, कौतुक इतकं वाढू देऊ नये की समोरचा रंगसुद्धा विचारून बघावा लागावा. शेवटी न्यायाधीशांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, पाहिलं आणि ते म्हणाले, निकाल राखून ठेवतो. त्यांच्या पत्नी चमच्याने साखर ढवळत होत्या, त्या थांबल्या. जाताना जिन्यात मला हळूच म्हणाल्या, धुण्यात नीळ जास्त झाली की सदरा असाच होतो.

तुला सांगायला नको. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि जग पिवळं दिसतं. वार्निशचा काही दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना दुकानात खुर्चीत बसवलं. अक्षरांचा जुना तक्ता कोपऱ्यात फाटला होता, म्हणून मी त्याच आठवड्यात नवा लावला होता, अक्षरं वेगळी. मास्तरांनी वरून खालपर्यंत न अडखळता वाचलं. जुना तक्ता. सगळाच्या सगळा, दर वर्षी त्याच खुर्चीत बसून पाठ झालेला. आठवणीतून काहीही काढू नये म्हणणारा माणूस, आणि मी हातात काडी धरून दुसऱ्याच अक्षरांवर उभा. मी म्हटलं, मास्तर, तक्ता नवा आहे. ते म्हणाले, मग चुकीचा छापलाय, मालकाला सांग. मी म्हटलं, मोतीबिंदू आहे, साधं ऑपरेशन असतं. ते उठले, पेटी घेतली आणि म्हणाले, या डोळ्यांनी मी पोट भरलं, त्यांना कोणाला हात लावू देणार नाही. नंतरच्या रविवारी आम्ही पक्षीही पाहिले नाहीत आणि बोललोही नाही. चहा मात्र मिळाला.

मग त्यांनी माझ्या फोनवर तुझ्या खंड्याचा फोटो मागितला. बराच वेळ पाहिला. हा मी लावलेला निळा नव्हे, म्हणाले, उडालाय. आत्याला लिही, चित्र पाठवून दे म्हणावं, दुरुस्त करून देतो. ते माझं सगळ्यात चांगलं काम आहे, तसं मागे ठेवायचं नाही.

मी 'लिहितो' म्हणालो. दिला शब्द मोडवत नाही, म्हणून लिहितो आहे. आत्या, मास्तरांना तुझा खंड्या दुरुस्तीसाठी हवा आहे. तुझ्या शेजाऱ्यांची गाडी पुढच्या आठवड्यात इकडे येणार आहे, तिच्यातून चित्र येऊ शकेल. बोक्याला थोपट. गुडघ्याला शेक दे.

तुझा भाचा

ता. क. शब्द पाळून झाला. आता खरं. चित्र पाठवू नकोस. गाडी आली तरी नको, मी फोन केला तरी नको. आतोबा गेल्यावर तू त्या भिंतीशी बोलतेस हे मला माहीत आहे, आणि तो निळा पुन्हा लावता येणारा नाही. मला हवं आहे ते वेगळंच. तू मास्तरांना लिही की चित्र भिंतीवरून हलणार नाही, बघायचं तर इथे या, आणि तेही आधी डोळा दाखवून. आणि तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची गोष्ट लिही. पट्टी निघाली, मी थेंबांची बाटली घेऊन मागे उभा होतो आणि तू खंड्यासमोर थांबून विचारलंस, याला कोणी पुसला, एवढा निळा कसा? मी सांगून उपयोग नाही. मी चुकीचा तक्ता लावणारा माणूस.

ता. क. २. पत्र पाकिटात घालणार इतक्यात मास्तर दुकानात आले. लिहिलंस का, म्हणाले, वाच. मी दंतवैद्यापर्यंत वाचलं आणि तिथून अलगद 'बोक्याला थोपट' वर उडी मारली. ते म्हणाले, पान उलटल्याचा आवाज आला नाही, मधलं वाच. मग वाचलं. बगळा, तक्ता, ताजा कलम, सगळं. ते खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, दाढ मी स्वतःहून दाखवली होती, दुखत होती, ते दुरुस्त कर. मी म्हटलं, करतो. मग म्हणाले, बगळ्याचं मला त्याच दिवशी कळलं. कसं, विचारलं तर म्हणाले, चित्र जमलं की घरातली माणसं बोलायला लागतात, तिथे चमचासुद्धा थांबला. मी विचारलं, मग खंड्या कशाला मागवता? मग म्हणाले, निळा चित्रातून गेला की माझ्यातून, ते त्याच्यासमोर उभं राहून एकदा बघायचं होतं, दुरुस्ती म्हटल्याशिवाय लोक चित्र काढून देत नाहीत. आणि मग, तुझी आत्या खरंच तसं म्हणाली? कोणी पुसला म्हणून? मी हो म्हटलं. त्यांनी ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं, तू म्हणालीस त्याच आवाजात.

डॉक्टरांकडे सोमवारी जायचं ठरलं आहे. तुला निरोप दिला आहे तो शब्दशः लिहितो. चित्र पाठवू नका. आधी डोळा करून घेतो, मग मीच येतो. नुसतं बघायला. पेटी आणणार नाही.

ता. क. ३. न्यायाधीशांच्या पत्नींना मी कळवलं की डोळा झाल्यावर बगळा पुन्हा पांढरा करून मिळेल. त्या म्हणाल्या, आता राहू दे, येणारा-जाणारा थांबून विचारतो हा कुठला पक्षी, पांढऱ्याला कोणी विचारत नव्हतं.

ता. क. ४. मास्तर दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता परत वळले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या आत्याकडे स्टूल आहे का रे? मी 'नाही' म्हणालो. स्वयंपाकघरातलं ते निळं स्टूल तेवढं लपव.