तुफानसाठी भरवशाचा प्लग

३ ऑक्टोबर २००१
आजपासून रोजनिशी. डायरी बँकेची आहे, १९९८ची. तारखा आणि वार जुळत नाहीत. माझंही कुणाशी जुळत नाही, म्हणून चालेल.

मामाने दिलेली दोन सायलेन्सरची मोटारसायकल. मॉडेल ७८, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने मोठी. टाकीवर रेडियमने 'तुफान' लिहून घेतलंय. मखमलाबाद ते लेह. डिसिजन फायनल. गावातल्या लोकांना लेह म्हणजे कसारा घाटाच्या पुढे कुठेतरी असं वाटतं, त्यामुळे कुणाशी चर्चा नाही.

अडचण एकच. प्लग. मखमलाबाद नाक्यापर्यंत जाते, मग फट्‌ फट्‌ करते आणि बसते. प्लग काढला की काळा कुळकुळीत, वर तेलाने ओला. बाजारात मालच भिकार येतो.

संकल्प: या महिन्यात भरवशाचा प्लग शोधायचा. तोवर दुसऱ्या कशातही डोकं घालायचं नाही.

४ ऑक्टोबर
गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, कुस्त्या होत्या. पाहायला गेलो. प्लग उद्या.

५ ऑक्टोबर
नाशिकला द्वारका चौकात बद्रुद्दीनभाईच्या गॅरेजवर गेलो. माणूस पंचवीस वर्षं तेच तेच काम करतोय, त्यामुळे त्याला वाटतं त्याला कळतं. प्लग दाखवला. त्याने नाकाशी धरला, वास घेतला. प्लगचा वास घेतात का? म्हणाला, "राजाभाऊ, हा बिचारा काय करंल? तेल किती टाकता?"

अभिमानाने सांगितलं, लोक टाकतात त्याच्या दुप्पट. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं ते पंपावरचा माणूस टोपणाने मोजून टाकतो, लहान मुलाला औषध पाजल्यासारखा. मी डबा उपडा करतो. इंजिनाच्या पोटाला कमी पडता कामा नये. कंजूष माणसाने टू-स्ट्रोक घेऊच नये.

तर हा बाबा म्हणतो, "गाडी चालवताय का भजी तळताय?" दोन गिऱ्हाईकं हसली. मी हसलो नाही. इतक्या हलक्या विनोदाला मी हसत नाही. "निम्मं करून बघा ना एकदा," म्हणाला. म्हणजे प्लग खपवायचा नाही, सल्ला खपवायचा. असा हा धंदा.

नवा देशी प्लग घेतला. चकचकीत आहे. चेहऱ्यावरून भरवशाचा वाटतो.

७ ऑक्टोबर
नाक्यावर बसली. देशी प्लगचं नाव यादीतून कायमचं काटलं.

बाजूने ललित गेला. माझ्याबरोबर दहावीला होता, तो पास झाला, त्यात त्याची काही हुशारी नाही. नवी फोर-स्ट्रोक घेतलीय. आवाज शिलाई मशीनचा. गाडीवर बसल्यावर माणसाला वाटलं पाहिजे की आपण गाडीवर आहोत. थांबला आणि म्हणाला, "तुफान, दोरीने ओढू का?" म्हटलं, इंजिन थंड करतोय. "लय थंड झालंय रे," म्हणाला आणि शिवत शिवत निघून गेला.

घरापर्यंत ढकलली. व्यायाम होता.

९ ऑक्टोबर
जुना उपाय: प्लग सांडशीत धरून गॅसवर लाल होईपर्यंत भाजायचा, मग पॉलिश पेपरने घासायचा. केला. आई म्हणाली, "आता त्यावर भाकरी कशी भाजू? आख्खं घर गॅरेजसारखं वास मारतंय." या घरात विज्ञानाला जागा नाही.

भाजलेला प्लग तीन किलोमीटर चालला. मग परत काळा.

१० ऑक्टोबर
मोठा शोध! स्पेअर पार्टवाल्याकडे कळलं की प्लग गरमही असतात आणि थंडही. इतकी वर्षं कुणी बोललं नाही. बद्रुद्दीनभाईला माहीतच नसणार. मी मागचं पुढचं ऐकत बसलो नाही, कारण मुद्दा लगेच लक्षात आला. हे ऑक्टोबर हीटचे दिवस. तुफानची प्रकृती मुळातच उष्ण, हात लावला तर कातडं निघतं. तिला थंडच द्यायला पाहिजे. दुकानदार म्हणाला, "गाडीला कंपनीने कुठला सांगितलाय तो बघा आधी." कंपनीने माझी गाडी बघितलीय का?

सर्वांत थंड प्लग घेतला.

रात्री जेवताना हे समजावून सांगत होतो तर छाया ठसका लागेपर्यंत हसली. म्हणाली, "मग टाकीत थोडा सब्जा पण घाल. नाहीतर गुलकंद." छाया माझी धाकटी बहीण. आयटीआय करून सिन्नरला कारखान्यात लागली, तेव्हापासून डोक्यात हवा गेली आहे. रोज एसटीने लोंबकळत जाते आणि मला गाडीबद्दल शिकवते.

११ ऑक्टोबर
थंड प्लग नाक्यापर्यंतही गेला नाही. शाळेपाशीच बसली. प्लग डुप्लिकेट निघाला.

१५ ऑक्टोबर
मधले दिवस लिहायचे राहिले. परवा द्वारकेला जपानी प्लग बघायला चाललो होतो, वाटेत भेटलेला एक कांद्याचा व्यापारी जीपमधून बागलाणात नामपूरला निघाला होता. म्हणाला, येतोस का? म्हटलं, चला. अनुभव मोठा. कांद्याचे ढीग बघितले, दोन दिवस त्याच्या मावशीकडे जेवलो. तिथे गाडीच्या लेहच्या प्लॅनबद्दल सांगत होतो तर ती म्हातारी मध्येच म्हणाली, "तुनी गाडी कोठे शे?" म्हटलं, घरी. सगळे हसले. बागलाणातल्या लोकांना प्रवासातलं काही कळत नाही.

जपानी प्लग घ्यायचा राहिला.

१७ ऑक्टोबर, घटस्थापना
अण्णांनी आज बोलून घेतलं. अण्णा, म्हणजे आमचे वडील चिमाजी, वर्षभर बोलत नाहीत आणि मग एकदम बोलतात. शेतात अर्धा एकर झेंडूचा गोंडा फुललाय. दरवर्षी दसऱ्याचा पहिला तोडा पंचवटी कारंजाच्या चौकात गोजराबाईकडे जातो. ती गाड्यांना घालायच्या माळा करते. खंडे नवमीला सगळं नाशिक गाड्या धुऊन पूजतं, त्या एका सकाळवर तिचं वर्ष असतं.

"राज्या," म्हणाले, "औंदा टेम्पो नाय सांगत. नवमीला उजाडायच्या आत माल तू गाडीवर पोचवायचा. पोचला तर गाडी तुझी. नाय पोचला तर दसऱ्याला भंगारवाला बोलवतो. कोंबड्यासुद्धा त्या धुराला घाबरून अंडी घालंनात."

कोंबड्यांच्या मतावर घर चालतं. म्हटलं, अण्णा, गोजराबाईला सांगून ठेवा, लवकर उठून बस.

छाया म्हणाली, "टेम्पोचा नंबर लिहून ठेवू का?"

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पंचवटीपर्यंत ट्रायल.

१८ ऑक्टोबर
ट्रायल नाही. झोप पूर्ण झाली नाही तर चालवणं धोक्याचं.

१९ ऑक्टोबर
ट्रायल नाही. सर्दी.

२० ऑक्टोबर
जपानी प्लग घेतला. याला म्हणतात माल. बद्रुद्दीनभाईने तो बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "दुल्हा चांगला आणलाय, पण तुम्ही त्याला पण तेलातच बुडवणार." अल्पसंतुष्ट लोकांना महाग वस्तू बघवत नाही.

२२ ऑक्टोबर
ट्रायल केली. गल्लीतच. कारण पेट्रोल वाचवायचं होतं. एकदम सुरू झाली! धूर जरा होता. शेजारच्या भीमाजीकाकांनी खिडकी लावता लावता विचारलं, "महापालिकेने डासांच्या औषधाला ठेवला का रे तुला?" त्यांना म्हटलं, धूर म्हणजे इंजिन भरपेट जेवल्याची खूण. ते म्हणाले, "मग ढेकर शेतात जाऊन दे."

अण्णांचं वेगळंच रडगाणं. गोठ्यात डास झालेत, म्हैस पाय झाडते, पान्हा चोरते. म्हशीच्या तक्रारीपण आता मी ऐकायच्या.

२४ ऑक्टोबर, संध्याकाळ
सगळी तयारी. दोन पोती गोंडा मागे आडवी बांधलीत. वजन जास्त, म्हणून तेलही जास्त घातलं. नेहमीच्या दीडपट. साधा हिशेब आहे, बैलाला ओझं ओढायचं असेल तर पेंड वाढवतात.

जपानी प्लग लावलाय. बाकीचे सगळे खिशात, पण गरज पडणार नाही. छायाने पोत्यांवर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाली, "दादा, खरंच नेशील ना? गोजराबाई दुसऱ्या कुणाकडून माल घेत नाही रे." एवढं गंभीर होण्यासारखं काय आहे कळत नाही. गाव ते कारंजा, सायकलवाले जातात.

२५ ऑक्टोबर, खंडे नवमी
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कुणी वाकडं बोललं तर पुरावा राहील.

पहाटे निघालो. तुफान मस्त चालली. नाक्यावर फट्‌ फट्‌. जपानी प्लग काळा आणि ओला. दगाबाज. खिशातले सगळे आळीपाळीने लावले, पुसले, फुंकले, काडेपेटीने तापवले. एकही इमानदार नाही.

तेवढ्यात उजाडलं आणि लोकांनी डोकं खायला सुरुवात केली. सगळे गाड्या धुऊन हार घ्यायला निघालेले. एक ट्रकवाला थांबून म्हणाला, "गोंडा कसा दिला?" म्हटलं, विकायला नाही, काम चालू आहे. एक बाई दोन मुलांसकट आली, तिला म्हटलं, पुढे जा. एक रिक्षावाला तर पोत्यात हात घालायला लागला. त्याला चांगला झापला. माणूस रस्त्यात इंजिन खोलून बसलाय हे दिसत नाही का? नाशिकच्या लोकांना दुसऱ्याच्या कामाची कदरच नाही. किती जणांना हाकललं, मोजलं नाही.

मग कुणाकडून तरी कळून गोजराबाई कारंजावरून चालत आली. साठीची बाई, धाप लागलेली, हातात रिकामी टोपली आणि सुईदोरा. मला वाटलं गाडीची चौकशी करेल. तर म्हणाली, "आरं मुडद्या, तिथं लोकं माझ्या तोंडाकडं बघून दुसरीकडं गेली, आन्‌ माझा गोंडा हितं धूर खातोय?" फूल उचलून वास घेतला आणि म्हणाली, "देवाला घालायचं का मशिनला वंगण करायचं?" तिचे डोळे भरले होते. म्हणजे धुराने असणार.

मागोमाग छाया एसटीतून उतरली. कारखान्यात मशीनपूजेला चालली होती, खिडकीतून मला बघितलं. तिने पोतं सोडून तुफानच्या सीटवर ओतलं, गोजराबाईला कट्ट्यावर बसवलं. ही हाका मारतेय, ती माळा ओवतेय. मघाशी मी हाकललेला रिक्षावाला परत आला. ट्रकवालाही. ललित आला, शिलाई मशीनला हार घालून गेला. मी खाली बसून प्लग पुसत होतो. बायका माझ्या डोक्यावरून हात घालून फुलं घेत होत्या.

ऊन चढेपर्यंत दोन्ही पोती रिकामी. उरलेली माळ छायाने तुफानच्या हँडलला घातली. फोटोला घालतात तशी.

तिचा कारखान्यातला दिवस बुडाला. गोजराबाई निघताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "पोरी, म्होरल्या वर्षी तूच ये." माझ्याकडे बघितलं नाही. खरं म्हणजे मी नाक्यावर थांबलो म्हणून माल खपला. जागा निवडली कुणी? पण असं बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही.

२६ ऑक्टोबर, दसरा
सोनं द्यायला गेलो तर अण्णांनी आपट्याचं पान घेतलं आणि म्हणाले, "भंगारवाला सांजच्याला येतोय."

दिवसभर तुफान पुसली. 'तुफान'मधला 'न' निघून आलाय, तो थुंकी लावून चिकटवला. रडलो नाही. पॉलिशचा वास डोळ्यांत गेला.

संध्याकाळी भंगारवाल्याला सोपं जावं म्हणून गोठ्याच्या दारात आणून लावली. सगळ्यात पहिला, मामाच्या वेळचा जुनाट प्लग घासून लावला आणि शेवटची म्हणून किक मारली. लागली! पहिल्या किकला! असा धूर, असा धूर की गोठा दिसेना. आत आई दूध काढत होती. तिची हाक आली, "अहो, लवकर या!" अण्णा काठी घेऊन माझ्या अंगावर धावले.

धूर ओसरला तर आत एकही डास नाही. म्हैस शांत उभी, पाय झाडत नाही. बादली काठोकाठ.

अण्णांनी काठी बाजूला ठेवली आणि बादली उचलून बघितली. मग भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवलं.

३० ऑक्टोबर
तुफान घरातच राहिली. रोज दिवेलागणीला गोठ्याच्या दारात उभी करून चालू करायची. थोड्या वेळाने प्लग काळा होऊन आपोआप बंद पडते, तेवढ्यात दूध काढून होतं. अण्णा म्हणतात, बरोबर वेळेत बंद पडते, घड्याळच आहे.

आज विचार केला, बद्रुद्दीनभाई अगदीच मूर्ख नसेल. तेल निम्मं करून बघावं, म्हणजे निदान पंचवटी, मग लेह. डब्यातलं टोपणाने मोजायला घेतलं तर अण्णांनी डबा हातातून हिसकावला आणि म्हणाले, "तेल कमी केलंस तर याद राख. धूर पडला पायजेल."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तेलाच्या बाजूने बोललं.

भीमाजीकाका येऊन गेले. त्यांच्याही गोठ्यात डास आहेत, उद्या गाडी आणशील का म्हणाले. हो म्हटलं. लेह ठरलेलं आहेच. आधी काकांचा गोठा. जवळ आहे, ढकलत नेता येईल.